दार वाजतंय नुसतं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : रात्री जेवणं उरकल्यावर दिवे घालवून, हेडफोन लावून तुम्ही १९६३ चा 'द हॉन्टिंग' पाहिलात. भूत एकदाही दिसलं नाही, रक्ताचा थेंब नाही, तरी पहिल्या रात्रीच्या दाराच्या प्रसंगात तुमचे हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी भावाने तोच सिनेमा जेवता जेवता मोबाइलवर पाहिला आणि म्हणाला, "यात आहे काय? दार वाजतंय नुसतं." तर त्यांनी नेमकं केलंय काय, आणि असल्या सिनेमांत ऐकू न येणारा १९ हर्ट्झचा (सेकंदाला १९ कंपनं) आवाज मिसळतात हे खरं का, असे तुमचे दोन प्रश्न.

भावाचं म्हणणं आधीच मान्य करून टाकते. दार वाजतंय नुसतं. ११२ मिनिटांच्या सिनेमात धड घाबरवणारे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या दोन मोठ्या प्रसंगांत दाराशिवाय काहीही नाही.

मी सिनेमांचं आणि मालिकांचं साउंड करते, २२ वर्षं झाली. भीतीचं काम बरंच वाट्याला आलं, त्यातलं निम्मं आज माझं मलाच ऐकवत नाही. हा सिनेमा कामासाठी म्हणून इतक्या वेळा पाहिलाय की गोष्ट आता डोळ्यांपुढे येतच नाही, दार तेवढं ऐकू येतं. म्हणून उत्तर कानाच्या बाजूने देते. अभिनयावर, कादंबरीवर बोलणारे माझ्याहून जाणते लोक आहेत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडणार आहे.

गोष्ट चार ओळींची. न्यू इंग्लंडमधलं हिल हाउस नावाचं नव्वदेक वर्षांचं घर. बांधणाऱ्याने ते असं विचित्र बांधलंय की एकही कोपरा काटकोनात नाही, त्यामुळे दारं आपोआप मिटतात. डॉ. मार्कवे हा संशोधक तिथे काही माणसं बोलावतो. एलिनोर आणि थिओडोरा येतात, शिवाय ज्याला पुढे हे घर मिळायचंय तो ल्यूक. एलिनोरने (ज्यूली हॅरिस) ११ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलंय. आईला काही हवं असलं की ती भिंतीवर ठोके मारायची. गेली त्या रात्रीही तिने ठोके मारले होते, आणि एलिनोर गेली नव्हती. शर्ली जॅक्सनची मूळ कादंबरी १९५९ ची, पटकथा नेल्सन गिडिंगची.

आता पहिली रात्र. एलिनोर झोपलीय. भिंतीवर ठोके पडतात. ती अर्धवट झोपेत "आले आई, आले" म्हणत उठायला लागते. इथली खरी मेख ही आहे, आणि ती साउंडवाल्याची नाही, लिहिणाऱ्याची आहे. आपण दचकायच्या आत तिला तो ठोका ओळखीचा वाटलेला असतो, अगदी घरचा. मग तिला जाग येते, आई तर दोन महिन्यांपूर्वीच गेली हे आठवतं, आणि ठोका चालूच असतो. माझ्याकडे येणारे निम्मे दिग्दर्शक म्हणतात, "ताई, एखादा भयंकर आवाज द्या ना." भयंकर आवाज असा वेगळा नसतो हो. बिजागरीची करकर, नळाची टपटप, जिन्यावरचं पाऊल, हे सगळे रोजचे आवाज. तो कुणाचा आहे हे प्रेक्षकाला आधी सांगून ठेवलं असेल आणि ते माणूस आता नसेल, तर स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला तरी पुरतो.

एलिनोर शेजारच्या थिओच्या खोलीत पळते. दोघी एकमेकींना बिलगून बसतात. ठोके आता बाहेरच्या लांब कॉरिडॉरमधून येताहेत, पार त्या टोकाकडून, आणि हळूहळू दारं बडवत बडवत इकडे सरकताहेत. कॉरिडॉर आपल्याला दिसत नाही. कॅमेरा खोलीतच आहे, दोघींच्या चेहऱ्यांवर आणि बंद दारावर. तरी तो कॉरिडॉर किती लांब आहे, ते जे काही आहे ते आता साधारण कुठवर पोचलंय, हे तुम्हाला नीट कळत होतं. आठवून पाहा, कळत होतं ना?

आता हा सिनेमा मोनो आहे. सगळा आवाज एकाच ट्रॅकवर, डावं-उजवं काही नाही. मग जवळ-लांब कळतं कसं? गणपतीच्या मिरवणुकीचं उदाहरण देते. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात फक्त ढोल ऐकू येतो, तोही पोटात आल्यासारखा. कोपऱ्यावर वळली की ताशाची तडतड सुरू होते. दाराशी आली की टिपरू कातड्यावर आपटण्याआधीची सरसरही कानाला लागते. भिंती आणि अंतर बारीक, तीक्ष्ण आवाज खाऊन टाकतात, जाड आवाज त्यातून गळत येतो. शिवाय लांबच्या आवाजात मूळ आवाज थोडा आणि त्याचा घुमारा जास्त, जवळ आला की उलटं. कान हा हिशोब जन्मभर करत आलेला असतो, त्याला दोन स्पीकर लागत नाहीत. सिनेमातले ठोके याच हिशोबाने बदलत जातात : लांबवर नुसता धुमसता घुमारा, जवळ येताना त्याला लाकडाची कड चढते, आणि अगदी दाराशी आले की त्यात दाराच्या चौकटीचा कडकडाट असतो.

तुमच्या भावाचा घोटाळा इथे झालाय. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला जाड आवाज झेपत नाही. लांबचा ढोल त्याच्यातून येतच नाही. म्हणजे ते जे कॉरिडॉरमधून चालत आलं, ते त्याच्या बाबतीत कुठून आलंच नाही. एकदम दाराशीच उगवलं आणि वाजलं. वर समोर पोळी-भाजी. त्याला भीती वाटली असती तरच नवल.

दुसरी गोष्ट लयीची. ठोके एका मापाने पडत नाहीत. दोन लागोपाठ, मग बराच वेळ काही नाही, मग एक. तुम्ही तबला ऐकत असाल तर लगेच पटेल : ठेका बसला की कान सम कुठे येणार ते ओळखतो आणि निवांत होतो. घड्याळाची टिकटिक दोन मिनिटांत ऐकू येईनाशी होते ती त्यामुळेच. इथे समच हाती लागू देत नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर तुम्ही पुढच्या ठोक्याची जागा ठरवता आणि तो तिथे पडत नाही. त्या रिकाम्या जागेत खांदे वर चढतात. नव्या मुलांना मी सांगते, एडिट करताना ठोके हलवू नका, मधल्या शांतता हलवा.

मग दाराशी येऊन सगळं थांबतं. दाराची मूठ हळूच फिरते. दार उघडत नाही. आणि थोड्या वेळाने, ते निघून गेल्यावर, डॉक्टर आणि ल्यूक येतात ते बाहेरून. कुत्र्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून ते त्याच्या मागे गेले होते आणि त्यांनी काहीएक ऐकलेलं नाही. हे ऐकून मला दरवेळी दाराच्या ठोक्यांपेक्षा जास्त गार वाटतं.

एक माहिती आमच्या कामातली. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने हे आवाज आधी तयार करून घेतले आणि शूटिंगच्या वेळी सेटवर वाजवले, म्हणजे नट खऱ्याखुऱ्या आवाजाला दचकतील. आपल्याकडे काय होतं? असिस्टंट कॅमेऱ्यामागून ओरडतो, "धाड! धाड! मॅडम, लूक लेफ्ट!" मॅडम लेफ्टला बघतात. आवाज चार महिन्यांनी आमच्या टेबलावर येतो आणि आम्ही तो त्या लेफ्टच्या मापाने शिवतो. ज्यूली हॅरिसचे डोळे ठोक्याच्या किंचित नंतर हलतात, काही वेळा हलतच नाहीत. ऐकणाऱ्या माणसाचं तसंच होतं. तो आधी गोठतो, बघतो नंतर.

वाइजला हे सुचलं याचं नवल वाटायला नको. त्याची सुरुवातीची वर्षं हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओच्या साउंड इफेक्ट्सच्या खात्यात गेली. पुढे एडिटर झाला, १९४१ चा 'सिटिझन केन' त्याने एडिट केलाय. दिग्दर्शक झाला तो तिथल्याच व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हाताखाली, १९४४ च्या 'द कर्स ऑफ द कॅट पीपल'ने. ल्यूटनकडे पैसे नसायचे, त्यामुळे भूत दाखवणं परवडत नसे, सावली आणि आवाज परवडत. त्याच्याच १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी फुटपाथवरून चाललीय, मागे कुणीतरी असावं असं वाटतंय, आणि एकदम फिस्स आवाज होतो. तो निघतो बसच्या ब्रेकचा. आज ज्याला सगळे जंप स्केअर (एकदम दचकवणं) म्हणतात त्याचं मूळ लोक तिथे शोधतात. गंमत म्हणजे त्याच शाळेतून आलेल्या वाइजने वीस वर्षांनी, 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'द साउंड ऑफ म्यूझिक' या दोन अवाढव्य सिनेमांच्या मधोमध, हे दार वाजवलं आणि बस काही आणली नाही. (एक आहे म्हणा. शेवटाकडे गोल जिन्यावर वरचं झाकण उघडून एक चेहरा डोकावतो, तिथे मी अजूनही उडते.)

माझी एक फजिती सांगते, मुद्द्याचीच आहे. काही वर्षांपूर्वी एका सिनेमात लाकडी घरात रात्री ठोके ऐकू येतात असा प्रसंग होता. म्हटलं, स्टुडिओत फोलीवर (चित्र बघत हाताने आवाज काढतात तिथे) करण्यापेक्षा खऱ्या घरात करू. कोकणातल्या आमच्या जुन्या घरी मशीन घेऊन गेलो. माजघर आणि आजीची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे. आजी शेवटची तीन वर्षं त्या खोलीत पडून होती आणि पाणी हवं असलं की काठीने फळी वाजवायची. काठी अजून कोपऱ्यात होती. मी म्हटलं, याहून अस्सल काय मिळणार! महागातला माइक फळीपासून दोन हातांवर लावला आणि काठीने वाजवलं. कुणीतरी काठीने फळी वाजवतंय, एवढंच आलं. मग मुसळाने वाजवलं. गोधडी गुंडाळून मुसळाने वाजवलं. खांद्याने धडका दिल्या. रात्री दोन वाजेपर्यंत सगळं करून झालं. शेजारचे काका कंदिलासारखा मोबाइल धरून विचारायला आले, "काय फोडतायसा गो?"

दुसऱ्या दिवशी मुंबईत येऊन फायली उघडल्या, तर असिस्टंट एक छोटा रेकॉर्डर माजघरात तसाच चालू ठेवून झोपायला गेला होता. मधलं दार बंद. त्या रेकॉर्डरवर साडेतीन तास नुसती घराची कुरकुर, रातकिडे, एका वाशात काहीतरी टिकटिकतंय, आणि पलीकडून, फळ्यांतून गाळून आलेला, अर्धवट, काठीचा ठोका. तो ऐकला आणि मी खुर्चीतून अर्धी उठले होते. लहानपणी मी त्याच माजघरात झोपायचे. सिनेमात तोच वापरला, एकही इफेक्ट न लावता. महागातल्या माइकची फाइल आजही डिस्कवर पडून आहे.

वाइजचा कॅमेराही खोलीच्या आतच राहतो. भिंतीच्या पलीकडे जाऊन त्याने एकदा जरी कॉरिडॉर दाखवला असता, रिकामा का होईना, तरी सगळं गेलं असतं.

दुसरा मोठा प्रसंग तुम्ही लिहिला नाहीत, पण माझ्या मते तो दारापेक्षाही सरस आहे. रात्र. एलिनोर पलंगावर पडलीय, पलीकडून एक पुरुषी पुटपुट येतेय, मध्येच बाईचं हसू, मग लहान मुलाचं रडणं. पडद्यावर फक्त भिंतीवरची नक्षी. तीच ती नक्षी, कॅमेरा हळूहळू पुढे जातो आणि पानाफुलांत चेहरा दिसायला लागतो. एलिनोर थिओला म्हणते, हात घट्ट धर. हात इतका आवळला जातो की दुखतं. शेवटी ती ओरडते, दिवा लागतो, आणि थिओ खोलीच्या दुसऱ्या बाजूला झोपलेली असते. मग इतका वेळ हात कुणाचा धरला होता?

त्या पुटपुटीकडे लक्ष द्या. बोलण्याचा चढउतार आहे, शब्द नाही. हे करायला फार अवघड असतं. एक जरी शब्द कळला की प्रेक्षक घाबरायचं सोडून अर्थ लावायला लागतो. मला असंच काम एकदा करायचं होतं. भाषा कुठली वापरायची यावर खूप खल झाला, संस्कृत म्हणजे लगेच मंत्र वाटणार. शेवटी एका ज्येष्ठ नटीला दोन बंद दारांच्या पलीकडे बसवून अडीचकीचा पाढा म्हणायला लावला. त्यांना लहानपणचा पाठ होता, घोटलेला, खालच्या पट्टीत. सिनेमा पाहिलेल्यांपैकी एकाने मला सांगितलं की तो शाप होता आणि त्याला त्यातलं "वंश" हे ऐकू आलं. मी काही बोलले नाही.

चित्राचं काम थोडक्यात सांगते, कारण कान घाबरला की डोळे कारण शोधायला लागतात, आणि त्यांना काय सापडतं हेही महत्त्वाचं. वाइजने पॅनाव्हिजन या लेन्स बनवणाऱ्या कंपनीकडून ३० एमएमची वाइड लेन्स मागितली. कंपनीने सांगितलं की ती अजून तयार नाही, कडांना रेषा वाकड्या येतात. त्याला वाकड्याच हव्या होत्या. शेवटी लेन्समध्ये दोष आहे हे मला ठाऊक आहे असं लिहून सही दिल्यावर त्यांनी ती दिली. घराचा बाहेरचा भाग इंग्लंडमधल्या वॉरिकशरमधल्या एटिंग्टन पार्कचा, तो काही ठिकाणी इन्फ्रारेड फिल्मवर शूट केलाय, म्हणून ते आकाश आणि त्या भिंती अशा चमत्कारिक दिसतात. आतला भाग लंडनजवळच्या बोरमवुडच्या स्टुडिओतला सेट, त्याला छतं बांधली होती, एरवी सेटला छत नसतं. म्हणजे डोळे कारण शोधायला वर गेले तर तिथेही सुटका नाही. आणि दुसऱ्या दाराचा प्रसंग, चौघं दिवाणखान्यात असताना बंद दार फुगून आत येतं तो? पातळ थरांचं लाकूड, आणि पलीकडून एक दणकट गडी ओंडका लावून रेटतोय. बस.

सगळंच उत्तम आहे असं नाही. हम्फ्री सर्लचं संगीत काही ठिकाणी उगाच आरडाओरडा करतं, जिथे घराला बोलू द्यायला हवं तिथेच व्हायोलिनं तुटून पडतात. एलिनोरच्या मनातलं बोलणं तर मला निम्म्याने कापावंसं वाटतं. चेहऱ्यावर जे दिसतंय तेच पुन्हा कानात सांगतात. १९९९ ला यान डे बाँटने हीच गोष्ट पुन्हा केली, त्यात कोरीव लाकडातले चेहरे कॉम्प्युटरवर हलतात. तो मोबाइलवर, जेवताना, बिनधास्त पाहावा. भावाला सुचवा.

आता १९ हर्ट्झ. ही गोष्ट व्हिक टँडी नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. एका प्रयोगशाळेत काम करताना त्याला अस्वस्थ वाटायचं, डोळ्यांच्या कडेला करडं काहीतरी दिसायचं. एकदा तिथे त्याने तलवारबाजीचं पातं शिकंज्यात धरलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. नवीन बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्याने त्या लांबोडक्या खोलीत जवळपास १९ हर्ट्झची लाट उभी केली होती. पंखा बंद केला, भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने यावर लेख लिहिला आणि तेव्हापासून ही गोष्ट सगळीकडे फिरतेय. पण एका खोलीतल्या अनुभवावरून सगळ्या भुतांचा हिशोब लावणं जरा जास्तच होतं, आणि 'द हॉन्टिंग'शी तर त्याचा काही संबंधच नाही. १९६३ च्या फिल्मवरचा ऑप्टिकल ट्रॅक (फिल्मच्या कडेला छापलेला आवाज) आणि तेव्हाचे थिएटरचे स्पीकर इतक्या खालचं काही धड वाजवूच शकत नव्हते. तुमच्या हेडफोनमधून जे आलं ते सगळं ऐकू येणारंच होतं.

जवळ-लांबचा हाच हिशोब आपल्याकडे १४ वर्षं आधी एका हवेलीच्या सिनेमात झाला होता, तोही मोनोतच. १९४९ चा 'महल', 'आयेगा आनेवाला'. लताबाईंनी सांगितलं होतं की गाण्याची सुरुवात त्यांनी माइकपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यातून केली आणि गात गात चालत माइकपाशी आल्या. आज आम्ही यासाठी प्लग-इनचे (कॉम्प्युटरवरच्या आवाजाच्या प्रोग्रॅमचे) वीस खिट्टे फिरवतो. त्या सुरुवातीच्या ओळी हेडफोनवर डोळे मिटून ऐका, वीसेक वर्षांची मुलगी फरशीवरून चालत येताना कळते.

भावाला पटवायचंच असेल तर पुन्हा सिनेमा दाखवत बसू नका. रात्री त्याला आतल्या खोलीत बसवा, दार लोटून घ्या, आणि बाहेर टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवर तेवढा पहिल्या रात्रीचा प्रसंग लावा. त्याला चित्र दिसता कामा नये. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमीच ठेवा. आणि प्रसंग संपला की लगेच आत जाऊ नका, दोनेक मिनिटं थांबा.